पीटीच्या सरांना आणि मॅडमना: एकदा दोरी तिरकी धरून बघा

नमस्कार सर, नमस्कार मॅडम,

मुंबईतल्या कुठल्याही शाळेत पीटी शिकवणाऱ्या प्रत्येकासाठी हे पत्र आहे. मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते, मुलगी आठवीत आहे. शाळेचं नाव लिहीत नाहीये कारण विषय एका शाळेचा किंवा एका सरांचा नाहीच, मैत्रिणींकडून त्यांच्या मुलांचं ऐकते, मुलुंड काय परळ काय बोरिवली काय, सगळीकडून तेच ऐकू येतं.

लेकीच्या टाइमटेबलमध्ये पीटीचा तास मंगळवारी आणि शुक्रवारी असतो. आणि मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तिच्या पोटात दुखतं. सुरुवातीला मला खरंच काळजी वाटली, डॉक्टरकडे नेलं, जंताचं औषध झालं, रात्रीचं बाहेरचं खाणं बंद केलं, तरी दुखणं चालूच. मग एकदा मीच कॅलेंडर बघताना वार लक्षात आले आणि तिला जवळ घेऊन विचारलं तर रडायलाच लागली. म्हणे मम्मी चिठ्ठी लिहून दे ना, तब्येत बरी नाही म्हणून, वर्षभराची एकच लिहून दे. झालं असं होतं की कोलांटउडी शिकवत होते, एकेकाला पुढे बोलवून, छपन्न मुलं गोल करून बघतायत, हिची मान वाकडी झाली आणि ही तिरकी पडली, सगळे हसले, सर म्हणाले पुन्हा. पुन्हा तेच. सर म्हणाले अजून एकदा. सरांचा हेतू वाईट नसणार, त्यांना वाटलं असेल की तिसऱ्यांदा जमेल आणि तिचा धीर वाढेल. पण त्या दिवसापासून पोटात दुखायला लागलं.

आता हीच मुलगी संध्याकाळी साडेसहाला क्लासवरून आली की दप्तर टाकते आणि खाली पळते. आमच्या दोन बिल्डिंगांच्या मधे जी जागा उरलीये तिथे लगोरी, डबा ऐसपैस, अंडरआर्म क्रिकेट, जे त्या दिवशी ठरेल ते. सव्वाआठला मी गॅलरीतून हाका मारते, तीनदा मारल्याशिवाय वर येत नाही, गुडघे खरचटलेले, ड्रेस काळा, आणि जेवताना पण तेच, आज कोण कसं आऊट झालं. मी कधीकधी वरून बघत बसते. खेळ सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं नुसती भांडाभांडी असते, एक टप्पा आऊट ठेवायचा की नाही, उभ्या गाडीला बॉल लागला तर काय, तळमजल्यावरच्या काकूंच्या घरात गेला तर मारणाऱ्यानेच जाऊन आणायचा. कोणी मोठं माणूस नाही तिथे. टीम पण तेच पाडतात आणि एका बाजूला जास्त चांगले गेले तर खेळ रंगत नाही म्हणून स्वतःच एक जण इकडचा तिकडे करतात. सगळ्यात लहान पोरगा पाच वर्षांचा आहे, तो कच्चा लिंबू. म्हणजे खेळणार सगळं, पण आऊट झाला तरी आऊट नाही.

मी तिला विचारलं, अगं इथे दोन-दोन तास पळतेस मग शाळेत पस्तीस मिनिटांत काय होतं? ती जे म्हणाली त्यासाठी हे पत्र लिहितेय. "इथे आम्ही खेळतो मम्मी. तिथे खेळायला लावतात."

सर, मॅडम, तुमच्यावर काय काय पडतं ते मला दिसतं. अख्ख्या शाळेला एक नाहीतर दोन पीटी टीचर, एका वर्गात साठ मुलं, मैदान म्हणायला फरशीचा चौक, जून ते सप्टेंबर पाऊस आणि ऑक्टोबरला ऊन. रांगा तुम्ही लावायच्या, शिस्त तुम्ही बघायची, सहल, स्नेहसंमेलन, २६ जानेवारीची कवायत, इलेक्शनची ड्युटी. वर परीक्षा जवळ आली की गणिताच्या मॅडम तुमचा तास मागून नेतात आणि तुम्हाला नाही म्हणता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं २००९ पासून लिहिलेलं आहे, आणि या शहरात किती शाळांना ते खरंच आहे हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. त्यामुळे मी जे मागणार आहे त्याला पैसे, जागा, साहित्य यातलं काही जास्तीचं लागू नये असा मी प्रयत्न केलाय.

माझी भाची बी.पी.एड. करते. तिच्याशी बोलता बोलता कळलं की लेकीने जे एका वाक्यात सांगितलं त्यावर जगात चाळीस वर्षं अभ्यास चाललाय. अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठातले एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन, त्यांनी १९८५ च्या सुमारास हा विचार नीट मांडला. माणसाला एखादी गोष्ट मनापासून करावीशी वाटायला तीन गोष्टी लागतात असं ते म्हणतात, यात थोडंफार मी ठरवतोय असं वाटणं, मला हे जमतंय असं वाटणं, आणि इथली माणसं माझी आहेत असं वाटणं. मी हे वाचलं आणि डोळ्यासमोर आमचं कंपाउंड आलं. तिन्ही आहेत तिथे. आणि कोलांटउडीच्या त्या तासाला एकही नव्हतं.

मग ब्रिटनमधल्या शाळांचा अभ्यास आहे, मार्टिन हॅगर आणि निकोस चाट्झिसारांटिस यांचा, २००३ चा. पीटीच्या तासात आमचे सर आम्हाला ठरवू देतात, आमचं ऐकून घेतात असं ज्या मुलांना वाटत होतं त्यांच्या मनात पीटीबद्दल स्वतःची ओढ जास्त होती, आणि ती ओढ तासापुरती राहत नव्हती, शाळा सुटल्यावर मोकळ्या वेळात खेळण्या-पळण्याशी पण तिचा संबंध दिसला. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि का ते सांगते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल हवी. म्हणजे आठवड्याला ४२०. तुमचे दोन तास पकडले, एकही तास गणिताला गेला नाही असं धरलं, हजेरी आणि रांगेचा वेळ पण खेळातच मोजला, तरी होतात ७०. उरलेली ३५० मिनिटं तुमच्या हातात नाहीतच, ती मुलांनी आपणहून करायची आहेत. मग त्या ७० मिनिटांत किती घाम निघाला हा हिशोब अपुराच आहे ना, त्या ७० मिनिटांनी मुलाला उरलेल्या वेळात पळावंसं वाटलं की नको वाटलं हे बघायला हवं. शिट्टीच्या धाकाने साठ मुलं एकदम हात वर करतील, करतातच. पण शिट्टी काही घरी येत नाही.

तुम्ही म्हणाल की परदेशातलं सांगताय, तिकडे वर्गात वीस मुलं. ठीक. पण दक्षिण कोरियात परीक्षेचं टेन्शन आपल्यापेक्षा कमी नाही, शिस्तही कडक, आणि तिथेच कोरियन संशोधकांनी आणि जॉनमार्शल रीव्ह यांनी २०१२ साली पीटीच्या शिक्षकांवर प्रयोग छापला. काही शिक्षकांना मुलांच्या मनाप्रमाणे तास कसा घ्यायचा याचं ट्रेनिंग दिलं, बाकीच्यांनी नेहमीसारखं शिकवलं. ट्रेनिंगवाल्या शिक्षकांची मुलं तासात जास्त मनापासून उतरली आणि पुढेही व्यायाम चालू ठेवायचा त्यांचा विचार जास्त पक्का दिसला. आणि त्याच मंडळींनी २०१४ मध्ये शिक्षकांकडे बघितलं तर त्यांनाच फायदा झालेला, शिकवण्याची उमेद वाढलेली, काम जास्त बरं वाटायला लागलेलं. हे वाचून मला तुमच्यासाठी खरंच बरं वाटलं, कारण रोज सहा तास ओरडून घसा बसलेले सर मी बघितलेत.

आता इथे एक घोटाळा होतो तो आधीच बोलते. ठरवू द्या म्हटलं की बऱ्याच ठिकाणी अर्थ होतो बॉल द्या आणि सोडा. आज फ्री, खेळा काय खेळायचं ते, आणि सर खुर्चीवर किंवा स्टाफरूममध्ये वह्या तपासत. तसं केलं की काय होतं ते तुम्हाला माहितीये, पंधरा मुलगे क्रिकेट खेळतात, त्यातही चारच बॅटिंग करतात, पाच-सहा जण फुटबॉल म्हणून बाटली लाथाडतात, आणि मुली पायऱ्यांवर बसतात. ओळीने. मी शाळेत फी भरायला गेले तेव्हा बघितलंय हे, तेवीस मुली मोजल्या मी पायऱ्यांवर. याला मुलांना स्वातंत्र्य दिलं म्हणता येणार नाही, ज्यांचा आवाज मोठा त्यांना मैदान दिलं एवढंच. मला हवंय ते याच्या उलट आहे, त्यात तुम्ही जास्त लागता. काय काय पर्याय आहेत ते तुम्ही मांडायचे, प्रत्येकाचा नियम स्पष्ट सांगायचा, कशासाठी करतोय ते सांगायचं, मग निवड त्यांची, आणि तुम्ही फिरत राहायचं, कोण अडलंय ते बघत. आज दोरीवर दम वाढवायचाय, मग सिंगल उड्या मारायच्या की जोडीने की लंगडी घालत चौकाला फेरी, ते तुमच्या चौघांच्या गटाने ठरवा, बारा मिनिटं. एवढंच. साठ मुलांचे पंधरा गट होतात आणि खरं तर तुमचा गोंधळ कमी होतो कारण प्रत्येक गट आपापलं काहीतरी करत असतो, नंबर यायची वाट बघत रांगेत कुणी उभं नसतं. रांगेत उभी असलेली मुलंच तर मस्ती करतात.

कशासाठी ते सांगणं, हे पण फार छोटं आहे आणि फार राहून जातं. वॉर्मअप का करतो हे माझ्या मुलीला आठवीपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं तो रोजच्या प्रार्थनेसारखा काहीतरी नियम आहे. मी सांगितलं की थंड स्नायू एकदम ताणला की दुखावतो, तर आता खाली खेळायच्या आधी स्वतःच पाय मोकळे करते आणि त्या कच्च्या लिंबूला पण करायला लावते.

आणि फेऱ्या. सर, हात जोडून सांगते, शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावू नका. बूट पांढरे नाहीत, चार फेऱ्या. रांगेत बोलला, दहा उठाबशा. आपण एका हाताने शिकवतो की पळणं शरीराला चांगलं, आणि दुसऱ्या हाताने तेच पळणं दंड म्हणून वसूल करतो. माझा नवरा पन्नाशीला आला, शुगर निघालीये, डॉक्टरांनी रोज चाला सांगितलं तर म्हणतो शाळेत जेवढ्या फेऱ्या मारल्या तेवढ्या पुरे. तो बोलतो हसत पण मला त्यात दिसतं की कुठेतरी आतमध्ये त्याच्यासाठी चालणं म्हणजे अजून शिक्षाच आहे. छत्तीस वर्षं झाली.

आता दोरीचं. मस्का मॉस्टन नावाचे एक पीटीचे शिक्षक होते, इस्रायलमध्ये जन्मलेले, पुढे अमेरिकेत शिकवत होते. १९६६ साली त्यांनी पीटी शिकवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती एका रांगेत मांडल्या, एका टोकाला सगळं शिक्षक ठरवणार आणि दुसरीकडे जात जात मुलं ठरवणार. त्यांचं एक उदाहरण भाचीने मला घरातच करून दाखवलं. उंच उडीसाठी आपण दोरी कशी धरतो? दोन्ही टोकं सारख्या उंचीवर. सगळे उडी मारतात, मग दोरी वर, काही जण बाद, अजून वर, अजून बाद, शेवटी दोन पोरं उडतात आणि अठ्ठावन्न बघतात. आणि जे पहिले बाद झाले, ज्यांना सरावाची सगळ्यात जास्त गरज, तेच सगळ्यात आधी बसले. मॉस्टन म्हणतात दोरी तिरकी धरा. एक टोक घोट्याजवळ, दुसरं छातीशी. आता प्रत्येकाने बघायचं की आपल्याला कुठून जमेल आणि तिथून उडी मारायची. कोणी बाद नाही. आणि गंमत बघा, कोणी सांगितलं नाही तरी मुलं दुसऱ्या फेरीला थोडं उंच बाजूला सरकतात, एखादं अडखळलं तर परत थोडं खाली येतं, आपलं आपण. दोरी तीच, माणसं तीच, वेळ तेवढाच.

मला हे बघताना आपला कच्चा लिंबूच आठवला. आपल्या गल्लीतल्या पोरांना कुणी न शिकवता कळतं की कमी जमणाऱ्याला बाहेर काढलं तर तो कधी शिकणारच नाही, म्हणून त्याच्यापुरता नियम वाकवायचा आणि खेळात ठेवायचं. हे शाळेत का जमू नये? कोलांटउडीचंच घ्या. गादीचा एक भाग घडी घालून उतरता करा, एक गादी साधी, आणि ज्याला उलटं व्हायची भीती वाटते त्याच्यासाठी तिसरीकडे नुसतं पाठीवर झोपून झोका घ्यायचा. कुठून सुरू करायचं ते मुलाने ठरवावं. आणि सगळ्यांनी गोल करून एकाला बघायचं, ते बंद करा, एवढंच केलंत तरी कितीतरी पोटं दुखायची थांबतील.

हे सगळं मी पुस्तकी बोलतेय असं वाटू नये म्हणून स्वतःचं सांगते. मी शाळेत असताना खो-खो खेळायचे, आम्ही जिल्ह्यापर्यंत गेलो होतो. आमच्या बाई कडक होत्या, उशीर झाला तर आत घ्यायच्या नाहीत. पण मॅचच्या आधी त्या आम्हाला गोल बसवायच्या आणि विचारायच्या, पहिल्या तुकडीत कोण उतरणार, तुम्ही ठरवा, पण का ते मला पटवायचं. आम्ही तेराचौदा वर्षांच्या पोरी, समोरच्या टीममधली कुठली मुलगी खांबाजवळ चांगली मारते, आपल्यातली कोण शेवटपर्यंत दम टिकवते, कोणाला आज बरं नाहीये, सगळं डोक्यात घेऊन बोलायचो. एकदा आमचं चुकलं. आम्ही मैत्रिणीच्या प्रेमाने एकीला पहिल्या तुकडीत घातलं आणि ती पहिल्याच मिनिटाला बाद झाली, मॅच पण गेली. बाईंना आधीच दिसलं असणार. त्या ओरडल्या नाहीत, मैदानाच्या कडेला बसवून म्हणाल्या, पुढच्या वेळी कसं ठरवाल? त्या टीममधल्या नऊपैकी पाच जणी आजही रविवारी सकाळी भेटतो, चालतो, कधी मूड असला तर पाटीवर बसून खो पण देतो, पंचेचाळिशीच्या बायका. आम्हाला कोणी बोलवत नाही.

त्याच वेळी दुसऱ्याही मुली होत्या ज्या फक्त ग्रेस मार्कांसाठी आलेल्या. मी त्यांना नावं ठेवत नाही, दहावीला दोन मार्कांसाठी काय जीव जातो ते मला माहितीये. पण दहावीचा निकाल लागला आणि त्या मैदानावर परत दिसल्या नाहीत. डेसींनी १९७१ मध्ये कॉलेजच्या मुलांना कोडी सोडवायला दिली होती, काहींना पैसे दिले, नंतर पैसे बंद केले, तर त्या मुलांनी मोकळ्या वेळात कोडं हातात घेणंच कमी केलं. ग्रेस मार्क असू देत, खेळाडूंना ते मिळायलाच हवेत, फक्त खेळायचं कारण म्हणून तेवढंच सांगू नका.

मुलींबद्दल अजून एक, आणि हे सरांना जास्त. पाळीच्या दिवसांत मुलीला साठ जणांसमोर येऊन सांगावं लागतं की आज जमणार नाही, किंवा सांगत नाही आणि चिठ्ठी आणते, किंवा शाळेतच येत नाही. तासाला दोन-तीन पर्याय असले आणि त्यातला एक हळू चालण्याचा किंवा स्ट्रेचिंगचा असला तर तिला काहीच सांगावं लागत नाही, ती तो निवडेल. काही मुलींना त्या दिवसांतही पळायचं असतं, त्या पळतील. ड्रेसचं पण तसंच, पीटीच्या दिवशी स्कर्टऐवजी ट्रॅक पॅन्ट चालेल का एवढं एकदा मुलींना विचारून बघा, पायऱ्यांवरच्या तेवीसमधल्या किती उठतात ते मला खरंच बघायचंय.

आणि त्यांचा कंटाळा ऐकून घ्या हो. ऑक्टोबरमध्ये दुपारी दीडला ऊन लागतं असं मूल म्हणालं तर ते उलट उत्तर नसतं, ऊन असतंच. हो ऊन आहे, मलाही लागतंय, मग सावलीत काय करता येईल सांगा, एवढं म्हटलं की निम्मा विरोध तिथेच गळतो. माझी मुलगी तर फक्त तेवढ्याने पाघळेल, मी ओळखते तिला.

सगळं एकदम नका करू, कोणालाच जमणार नाही. २६ जानेवारीची कवायत सगळ्यांनी एकसारखीच करायची असते, लेझीमही तालातच हवं, त्यात मजा पण आहे, ते तसंच राहू दे. मी फक्त आठवड्यातल्या दोन तासांपैकी एका तासातली बारा-पंधरा मिनिटं मागतेय. महिनाभर करून बघा आणि मग मुलांनाच विचारा, चिठ्ठीवर नाव न घालता. मुख्याध्यापक काय म्हणतील अशी शंका असेल तर पालक म्हणून आम्ही तुमच्या बाजूने लेखी देऊ, पालकसभेत मी स्वतः उभी राहून बोलेन, आणि गणिताला गेलेले तास परत मागायलाही तुमच्यासोबत येईन.

माझ्या मुलीच्या सरांना मी हे समोर भेटूनही सांगणार आहे, पुढच्या शनिवारी पालकसभा आहे तेव्हा. दोरी आमच्याकडे आहे, खो-खोच्या वेळची, जुनी पण मजबूत. तिरकी धरायला दोन माणसं लागतात, एक टोक मी धरेन.

तुमची,
आठवीतल्या एका मुलीची आई
कन्नमवार नगर, विक्रोळी पूर्व, मुंबई